ताईचा डबा

मित्रांनो, मी एक म्हातारा, नोकरीतून मोकळा झालेला कुत्रा आहे. माझा उजवा कान जन्मापासून दुमडलेला आहे, मागचे पाय थंडीत कुरकुर करतात आणि तोंडाभोवतीचे केस इतके पांढरे झालेत की नुकतंच पिठाच्या डब्यात तोंड घालून आलोय असं वाटावं. माझं नाव भोचक. हे नाव मला कुणी लाडाने ठेवलेलं नाही, मी ते कमावलेलं आहे.

माझा जन्म एका भंगाराच्या दुकानामागे, जुन्या गाद्यांच्या ढिगावर झाला. आई दुकानाची राखण करायची. वडिलांचा विषय आमच्याकडे निघत नसे. माझी भावंडं दूध प्यायची आणि ढाराढूर झोपायची. मला मात्र झोपेपेक्षा दुसऱ्यांच्या पिशव्यांची ओढ जास्त. गिऱ्हाईक आलं की त्याच्या चपला आणि खिसे हुंगून, तो सकाळपासून कुठे कुठे जाऊन आला याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एके दिवशी एक तरुण बाई जुने लोखंडी स्टँड शोधत आली. तिची पिशवी जमिनीला टेकते न टेकते तोच माझं डोकं आत. चाव्या, रुमाल, पावत्या या सगळ्यांच्या तळाशी बिस्किटाचा एक तुकडा पडला होता. तो तिथे आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी तो बाहेर काढून तिच्यासमोर ठेवला. म्हणजे खाल्ला, पण तिच्यासमोर खाल्ला.

"भोचक आहे लेकाचा," दुकानदार म्हणाला. "सगळ्यांच्या भानगडीत नाक. कामाचा मात्र काडीचा नाही."

"मला नेमका असाच हवा होता," ती म्हणाली.

स्टँडबरोबर मीही तिच्या घरी गेलो. ती माझी ताई. एका संस्थेत कुत्र्यांना वास ओळखायला शिकवणं हे तिचं काम होतं. घरात ती आणि तिची आई, दोघीच राहायच्या. आईने दारातच मला बघून सांगितलं, "हा पलंगावर चढणार नाही." त्या रात्री मी पलंगाखाली झोपलो आणि थोड्याच दिवसांत पलंगावर. आईच्याच पायाशी.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. मी जन्मायच्या आधी तापाची एक मोठी साथ येऊन गेली होती. ताप उतरला, माणसं घरी गेली, पण काही जणांच्या अंगात काहीतरी मागे रेंगाळलं. जिना चढला की त्यांना धाप लागायची. भाजी चिरता चिरता हात गळून जायचे. बोलता बोलता साधा शब्द आठवेनासा व्हायचा. तपासण्या केल्या तर सगळं ठीक. घरचे आधी हळहळायचे, मग कंटाळायचे आणि शेवटी "हे सोंग तर नाही?" अशा नजरेने बघायला लागायचे. आमच्या संस्थेच्या डॉक्टरबाईंना वाटायचं की या माणसांच्या घामाला काही वेगळा वास असला पाहिजे, आणि यंत्राला नाही तर निदान कुत्र्याला तरी तो कळेल.

त्यासाठी एक लांबट खोली होती. तिथे भिंतीलगत ओळीने स्टँड मांडलेले असायचे, तेच भंगारातले. प्रत्येक स्टँडवर झाकणाला भोकं पाडलेला स्टीलचा डबा आणि डब्यात कापडाची एक घडी, कुणीतरी काखेत धरून ठेवलेली. हसू नका. माणसं काखेच्या वासाला फार लाजतात, पण आम्हा कुत्र्यांसाठी ते माणसाचं उघडं पुस्तक असतं. काही डबे आजारी माणसांचे असायचे आणि बाकीचे निरोगी. निरोगी घाम कुठून आणायचा? तर आमचीच माणसं द्यायची. रखवालदार द्यायचे, ताई द्यायची आणि डबे मांडणारे डबेमामा द्यायचे. ताईने तर कामाला लागतानाच आपल्या बऱ्याच घड्या देऊन ठेवल्या होत्या. मामांनी त्या घरात मटार ठेवतात तशा पिशव्यांत भरून मोठ्या फ्रीजरच्या तळाशी ठेवल्या होत्या.

तो रेंगाळलेल्या आजाराचा वास मला लवकर कळला. धुतलेले कपडे उन्हाविना वाळले की येतो तसा कोंदट, आणि त्याच्या मागे किंचित गोड. तो आला की मी डब्यासमोर बसायचो. कसंही नाही. पाठ ताठ, मान वर, शेपूट गप्प. मग पडद्यामागून ताईच्या हातातल्या छोट्या खटक्याचा 'टिक' असा आवाज यायचा, म्हणजे 'बरोबर', आणि ताई माझ्या दिशेने तिचा जुना निळा पायमोजा फेकायची, गाठ मारलेला. त्या मोज्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. ताई पडद्यामागे उभी राहायची, कारण आम्ही माणसाच्या खांद्यांवरूनसुद्धा उत्तर ओळखतो. कुठला डबा कुणाचा हे तिलाही सांगितलेलं नसायचं. मी बसलो की डबेमामा शेजारच्या खोलीच्या काचेतून बरोबर की चूक ते तिला खुणेने सांगायचे.

सुरुवातीला मी एकही डबा चुकायचो नाही. डॉक्टरबाई पाहुण्यांना घेऊन यायच्या, फोटो निघायचे. मग एके दिवशी डबेमामांच्या पोटात बिघाड झाला आणि त्यांनी चहा सोडला. झालं! मी पार तोंडघशी पडलो. मामा आधी आजारी डबे मांडायचे, मग चहा-बिस्किटं खायचे आणि त्याच हातांनी निरोगी डबे मांडायचे. ज्या डब्याला चहा-बिस्किटाचा वास नाही त्याच्यापुढे बसायचं, हे मी केव्हाच ताडलं होतं. आजाराचा वास मला येत होता, पण सोपी वाट दिसली की कोण सोडतो? डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. ताई मात्र हसून हसून खाली बसली. तेव्हापासून मामांना डबे मांडून होईपर्यंत चहाबंदी झाली आणि मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती माझ्या मुळावर आली.

पुढची वर्षं सुखाची गेली. एकदा मी एका शिंप्याच्या डब्यासमोर बसलो. काही दिवसांनी तो स्वतः मला भेटायला आला. दोन पायऱ्या चढून दम खाल्ला आणि माझ्यापुढे फरशीवरच बसला. म्हणाला, "घरी सगळे म्हणायचे, याला मशीनवर बसायचा कंटाळा आलाय. परवा बायकोला सांगितलं, कुत्रा सांगतोय मी आजारी आहे म्हणून. तर ती रडायला लागली आणि मग तिने मला खुर्ची दिली." त्याने माझ्यासाठी एक लाल कोट शिवून आणला होता. पोटाला आवळायचा, पण मी हू की चू केलं नाही.

अशात तो ताप पुन्हा एक फेरी मारून गेला. छोटीशीच. या वेळी ताईलाही आला. काही दिवस ती घरी झोपून होती आणि मी तिच्या पायाशी. ताप गेला, ती आंघोळ करून कामावर आली, सगळ्यांनी "बरी झालीस ना?" विचारलं, ती "ठणठणीत" म्हणाली. पण मित्रांनो, नाकाशी कोण खोटं बोलणार? थोड्याच आठवड्यांत ताईच्या अंगाला तो वास यायला लागला. कोंदट, आणि मागे किंचित गोड.

 मी तिचे हात चाटले, तिच्या कुशीत तोंड खुपसलं. तिला वाटलं, मी लाडात आलोय.

घरी मी बघत होतो. ती केस विंचरताना हात मध्येच खाली घ्यायची. दूध तापत ठेवून ते कशासाठी ठेवलं हे विसरायची. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर ती चप्पल नीट करायचं निमित्त करून उभी राहायची. रोज काय चप्पल बिघडते? मी तिच्या शेजारी उभा राहायचो, म्हणजे कुणी वरून खाली आलं तर वाटावं की मीच दमलोय.

आईला यातलं काही कळत नव्हतं. "एवढ्याशा कामाने लोळण घेतेस," ती म्हणायची. "तुझ्या वयाची असताना मी दोन घरचं काम ओढत होते."

"अगं, झोप झाली नाही नीट," ताई म्हणायची.

तिने तपासण्याही करून घेतल्या होत्या, गुपचूप. सगळं ठीक निघालं. त्या संध्याकाळी माझ्या मानेत तोंड घालून ती म्हणाली, "मी आळशी झालेय का रे भोचक? का मी नाटक करतेय, आणि माझं मलाच कळत नाहीये?" मला बोलता येत नाही याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं, ते त्या संध्याकाळी.

पण मला बसता येत होतं. ताईच्या ताज्या घडीचा डबा निरोगी म्हणून ओळीत आला आणि मी त्याच्यासमोर बसलो. पाठ ताठ, मान वर. 'टिक' आलं नाही. काचेआडून मामांनी मान हलवली. "नाही भोचक. पुढे चल," पडद्यामागून आवाज आला. मी पुढे गेलो, ओळ संपवली आणि परत येऊन त्याच डब्यासमोर बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मोजा मिळत नव्हता. मिळणार नाही हे मला कळून चुकलं होतं. तरी मी बसत होतो.

डॉक्टरबाईंनी डबा उघडून कुणाचा ते पाहिलं. "हे तर तुझंच कापड," त्या ताईला म्हणाल्या आणि हसल्या. "चहा-बिस्किटाचीच गोष्ट पुन्हा. याला तू आवडतेस, म्हणून हा तुझ्या वासापुढे बसतोय. वेडा प्रेमात पडलाय तुझ्या."

सगळे हसले. ताईही हसली. मला वाटतं, तिला ते उत्तर बरं वाटलं. घाबरवणारं काही ऐकण्यापेक्षा कुत्र्याचं प्रेम बरं. आणि मी तिच्यावर प्रेम करतो हे खोटं थोडंच होतं? खरं कारण झाकायला दुसरी खरी गोष्ट पुढे आली होती, मी तरी काय करणार?

त्यांनी ताईची घडी वगळून पाहिलं, तेव्हा मी एकही डबा चुकलो नाही. पण एकदा लबाड ठरलेल्या नाकावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा? डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. खूप दिवस घुटमळल्या आणि मग एकदाचं म्हणाल्या, "अगं, लोक आपल्यावर भरवसा ठेवून येतात. उद्या याने कुणाला उगाच आजारी ठरवलं तर? गोदामवाले सामान हुंगायला कुत्रा मागताहेत. हा तिथे सुखात राहील."  ताईने नुसती मान डोलावली.

मला न्यायला माणूस येणार होता, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ताई घरी मला ब्रशने विंचरत होती. शिंप्याचा लाल कोट घडी करून बाजूला ठेवला होता. पाठीवर थोडे हात फिरवले आणि तिचे हात थांबले. ब्रश मांडीवर पडला. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले. तिच्या अंगाला तो वास इतका दाट येत होता की मला राहवेना. मी उठलो, तिच्यासमोर गेलो आणि बसलो. पाठ ताठ, मान वर, शेपूट गप्प.

आई दारात उभी होती. "हा असा काय बसलाय, खांबासारखा?" तिने विचारलं.

ताईने डोळे उघडले. "आजार सापडला की तो असा बसतो," ती म्हणाली.

"मग इथे कुठाय डबा?"

"डबा नाही. त्याला मी आवडते, आई. म्हणून बसतो."

आई आत आली. "मीही आवडते त्याला. पण माझ्यापुढे कधी असा बसला नाही. माझ्यापुढे चारी पाय वर करून लोळतो." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग ताईकडे बघितलं. तिच्या हातांकडे, पडलेल्या ब्रशकडे. आईचा आवाज एकदम बदलला. "तू याला पहिल्यापासून आवडतेस ना गं? मग पहिल्यापासून असा बसायचा का तुझ्यापुढे?"

ताई ताडकन उठायला गेली आणि धाप लागून पुन्हा खाली बसली. तिने तसंच बसून डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम," ती म्हणाली, "फ्रीजरच्या तळाशी माझ्या जुन्या घड्या आहेत. ताप यायच्या आधीच्या. नुसतं प्रेम असेल तर तो त्यांच्यापुढेही बसेल."

 मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "उद्याच्या माणसाला मी थांबायला सांगते. पण आत्ता घाई नको. तुझी नवी घडीही आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवू, नाहीतर हा गडी ताजं-शिळं ओळखून बसेल. आणि हो, मामांच्या चहावर लक्ष ठेवायला पाहिजे."

परीक्षेच्या दिवशी मामांनी इतके हात धुतले की बोटं सुरकुतली. पडद्यामागे डॉक्टरबाई स्वतः उभ्या राहिल्या. ताईला आत यायची परवानगी नव्हती. ती बाहेर बाकावर बसली होती, आईबरोबर. दाराखालच्या फटीतून मला तिचा वास येत होता.

मी ओळीने चालू लागलो. एक डबा रखवालदाराचा, एक अनोळखी पण निरोगी म्हाताऱ्याचा, एक मामांचा. चौथ्या डब्याशी नाक नेलं आणि माझी शेपूट आपोआप हलली. ताई! माझी पूर्वीची ताई, माझ्यापुढे पळणारी, दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी. मला तिथून हलावंसं वाटेना. पण मी कामावर होतो. मी पुढे गेलो. आणखी दोन डबे, आणि मग पुन्हा ताई. आत्ताची. कोंदट, आणि मागे किंचित गोड. मोजा मिळणार नाही हे मला माहीत होतं. मी बसलो.

 काचेआड मामांनी तोंडावर हात ठेवला होता. आणि मग पडद्यामागून तो आवाज आला. 'टिक.'

डॉक्टरबाईंनी मोजा फेकला. त्यांना फेकता येत नाही. तो कपाटावर जाऊन पडला आणि मामांना स्टूल आणून काढावा लागला. पण त्या तोवर बाहेर गेल्या होत्या. त्यांनी ताईच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. "तुझ्या जुन्या डब्यासमोरून शेपूट हलवत गेला," त्या म्हणाल्या. "नव्यापुढे बसला. मी त्याला लबाड ठरवलं गं."

ताई रडायला लागली. आजारी आहे हे कळल्यावर माणसं रडतात हे मी पाहिलं होतं, पण ही वेगळीच रडत होती, ओझं उतरल्यासारखी. "म्हणजे मी नाटक करत नव्हते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, मी नाटक नव्हते करत." आईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. आईला बोलायला शब्द सापडत नव्हता, तरी तिला तो आजार नव्हता.

मला कुणी गोदामात नेलं नाही. ताईला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं आणि दमली की थांबायची मुभा मिळाली. आमच्या जिन्याच्या वळणावर दुसऱ्याच दिवशी एक लाकडी स्टूल आलं. आईने ते स्वतः उचलून आणलं होतं. त्यावर तिने एक उशी ठेवली आणि खाली माझ्यासाठी पोतं घातलं. वरच्या मजल्यावरचे लोक विचारायचे, "हे इथे कशाला?" आई सांगायची, "माझी लेक आजारी आहे. चढताना बसते." तिचं ते मोठ्याने सांगणं मला फार आवडायचं.

आता त्या खोलीत नवे, तरुण कुत्रे आहेत. त्यांचे फोटो निघतात. मला तिथे फारसं कुणी बोलवत नाही, आणि लाल कोट खिळ्याला टांगलेला आहे. कधी कधी वाईट वाटतं, मग जेवण येतं आणि मी विसरतो.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कुणी पुन्हा पुन्हा "मला बरं वाटत नाही" म्हणत असेल आणि तपासणीत काही निघत नसेल, तर त्याला ढोंगी ठरवायची घाई करू नका. तुम्हाला माझ्यासारखं नाक नाही, हा काही तुमचा दोष नाही. पण तुम्हाला बोलता येतं. "तुझं खरं आहे" एवढं ताईला सांगायला मला किती डबे आणि किती दिवस लागले! तुम्हाला ते एका दमात म्हणता येईल. म्हणा, आणि मग एक स्टूल आणून ठेवा.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. ताई हळूहळू सुधारत गेली. एक चांगला दिवस, मग दोन वाईट, असं करत करत वर्षं गेली. काल आम्ही बाहेरून आलो. वळणावर मी स्टुलाशेजारच्या पोत्यावर बसकण मारली, कारण आता खरोखर मीच दमतो. ताई उभी होती. तिला बसायची आठवणच झाली नाही. मी तिचा हात हुंगला, मग मनगट हुंगलं, मग उभा राहून तिच्या कुशीत नाक खुपसलं आणि नीट, कामावर असताना हुंगायचो तसं हुंगलं. कोंदट नाही. गोड नाही. नाक म्हातारं झालंय म्हणाल, तर त्याच वेळी खालच्या फाटकाशी डबेमामा आम्हाला भेटायला आले होते, आणि ते चहाबरोबर किती बिस्किटं खाऊन निघालेत हे मला दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून कळलं होतं.

ताई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं मी काय करतोय ते. 

मी तिच्यापुढे बसलो नाही. चारी पाय वर केले आणि लोळलो.